चेनवाली आणि तिची सासू

बाजारामागच्या गल्लीत एक बाई दप्तरांच्या, बॅगांच्या चेन दुरुस्त करते. तिला सगळे चेनवालीच म्हणतात.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं हात उचलला आणि मग त्याला सवयच लागली. अशा वेळी सासू भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिचाही जन्म मार खाण्यातच गेला होता.

चेनवालीनं बायकांच्या बचत गटातून कर्ज काढलं आणि जाड शिवणीचं मशीन घेतलं. वाटलं, चार पैसे आले की नवरा जरा वचकून राहील. झालं उलटंच. "मोठी मालकीण झालीस," म्हणत तो मारायचा आणि पैसेही काढून न्यायचा. हप्ते थकले. जामीन राहिलेल्या गटातल्या बायका तणतणत दारात आल्या, पण तिचा सुजलेला डोळा पाहून त्यांची तोंडं बंद झाली.

गटप्रमुख होती इस्त्रीवाली मावशी. तिनं विचारलं, "मशीन कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग इथं कशाला ठेवतेस? माझ्या दुकानामागं खोली आहे. मशीन तिथं ने. तूही चल."

नवरा दार अडवून उभा राहिला. तेव्हा कोपऱ्यातून सासू उठली. गुडघे धरत आली आणि तिनं मशीनची एक बाजू उचलली.

"आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"जड आहे रे. बोलायला लावू नकोस. सरक."

तो सरकला. मागाहून दोनदा दुकानावर येऊन त्यानं आरडाओरडा केला. दुसऱ्यांदा मावशी हातातली गरम इस्त्री न ठेवताच बाहेर आली. त्यानंतर तो फिरकला नाही.

आता सासू-सून दोघी त्याच खोलीत राहतात. भिंतीपलीकडच्या इस्त्रीनं खोली दिवसभर तापलेली असते. चेनवालीची पाठ धरते, हप्ते अजून चालूच आहेत. सासू ब्लेडनं जुन्या चेन उसवून देते.

एकदा काम करता करता चेनवालीनं विचारलं, "तुम्ही आधी का नाही उठलात?"

सासूचा हात थांबला. "उठून जायचं कुठं, तेच ठाऊक नव्हतं गं."

चेनवालीच्या मनात राग होता, पण तो धरून ठेवण्याइतकं त्राण अंगात उरलं नव्हतं. तिनं पुढचं दप्तर सासूकडे सरकवलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.