बोलेट्टेच्या नवऱ्याचं वल्हं

बोलेट्टे आणि युआका यांची पहिली भेट झाली तेव्हा बोलेट्टे सदतीस वर्षांची होती आणि युआका तीन तासांचा. ती दार ढकलून आत आली, बुटांचा बर्फ झटकायचंही तिला भान राहिलं नाही. दुलईतल्या त्या लालबुंद गाठोड्यासमोर कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि कडाडली, "अकरा महिने! सील मारून येतो म्हणून गेलास तो अकरा महिन्यांनी उगवतोयस? आणि हे काय, दातसुद्धा सगळे घालवून आलास?"

त्या आवाजाने गावातले दोनशे कुत्रे एकदम गप्प झाले म्हणतात. समोरच्या खाडीतल्या हिमनगाचा एक कोपराही कोसळला म्हणतात, पण हे सांगणारा माणूस त्या दिवशी गावात नव्हता. एवढं मात्र खरं की गाठोड्याने रडणं थांबवलं, डोळे विस्फारले, आणि त्यानंतर त्रेचाळीस वर्षं ते गाठोडं या बाईला घाबरूनच राहिलं.

बोलेट्टेचा नवरा युआका कयाक, म्हणजे एका माणसापुरती अरुंद कातडी होडी, घेऊन गेला होता तो परतला नाही. उलटी झालेली कयाक सापडली, शेजारी तरंगणारं वल्हं सापडलं, युआका सापडला नाही. त्यानंतर गावात जन्मलेला पहिला मुलगा हा. मग त्याला दुसरं नाव कुठलं मिळणार? आणि या केकर्ताक गावात बाळाला मेलेल्याचं नाव आलं की तो माणूसच आला. तो परत कुणाचा भाऊ, कुणाचा जावई, आणि बोलेट्टेचा नवरा. ती त्याला नवरोबा म्हणे. पाच वर्षांच्या नवरोबाच्या ताटात ती सीलच्या काळजाचा पहिला तुकडा वाढी. पुढे युआकाने मालेनेशी लग्न केलं तेव्हा बोलेट्टे चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसली होती. नवरीला बाजूला घेऊन ती म्हणाली, "घोरतो हं. कुशीवर वळव, थांबतो."

"आणि खरंच थांबतो," असं मालेने अजून सांगते.

या युआकाने आयुष्यात सील मारला नाही. तो बेकर होता. दुकानामागच्या भट्टीत तो गावाचा पाव भाजायचा. अंगाने गोल, हात छोटे, मऊ आणि गुबगुबीत, जणू भाजायचे राहून गेलेले. समुद्राशी त्याचा संबंध खिडकीतून बघण्यापुरता. पोहायला गावात कुणालाच येत नव्हतं. एवढ्या थंड पाण्यात पोहायला शिकून करायचं काय?

अशा माणसाच्या मानगुटीवर त्या उन्हाळ्यात कयाक बसली. त्याचं असं झालं की गावात कयाक मंडळ निघालं. मोटरबोटींच्या नादात पोरं जुनी विद्या विसरली, अशी ओरड सगळीकडे होतीच. मंडळाचा गुरू अर्थातच झाकेउस. वय अडुसष्ट, दात चार, आणि बुडालेल्या युआकाचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच सुमारास बोलेट्टेचं शहरातल्या वृद्धाश्रमात जायचं ठरलं. सप्टेंबरच्या बोटीने. ती भट्टीवर आली, नेहमीचा काळा पाव घेतला आणि म्हणाली, "नवरोबा, मी जाण्याआधी एकदा उलटा होऊन वर ये."

"काय?"

"कयाक उलटी करायची आणि वल्ह्याने परत वर यायचं. चव्वेचाळीस वर्षं लोक म्हणतायत, बोलेट्टेचा नवरा, तो वर न आलेला. मला हे ऐकत शहरात जायचं नाही."

युआकाच्या हातातला पिठाचा गोळा जमिनीवर पडला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण या बाईसमोर तीन तासांच्या वयापासून त्याला नाही म्हणता आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोलेट्टेने भिंतीवरचं वल्हं काढून त्याच्या हातात दिलं. समुद्राने परत केलेलं तेच ते. निमुळत्या, लांब पात्यांचं, टोकांना हाडाच्या पट्ट्या. ते हातात घेतल्यापासून युआकाची झोप उडाली. पाव करपू लागले. जुलैमध्ये गावाने जेवढा करपलेला पाव खाल्ला तेवढा कुत्र्यांनीही कधी खाल्ला नव्हता. तक्रार मात्र कुणी केली नाही. उलट करपलेला पाव बघून लोक समाधानाने म्हणत, "सराव चाललाय."

सराव म्हणजे रोज संध्याकाळी खाडीच्या उथळ कोपऱ्यात झाकेउस कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उभा, आणि कातडी झग्यात आवळलेला युआका कयाकमध्ये. झग्याची कड कयाकच्या तोंडाला बांधलेली, टोपीची दोरी हनुवटीखाली ओढलेली. आत अडकलेल्या माणसाला फक्त चेहरा बाहेर काढता येतो, आणि युआकाच्या चेहऱ्यावर सतत एकच भाव होता: मी कुणाचं काय वाईट केलं?

"दादा, जोर लावू नकोस," झाकेउस ओरडायचा. पंचवीस वर्षांनी लहान शिष्याला तो दादा म्हणायचा, कारण तो त्याचा दादाच होता. "पीठ मळतोयस का? पातं पुढे थोडं कलतं धर. हां. रुंद वल्ह्याने पाण्याला ढकलतात, याने ढकलायचं नाही. याला पाण्यावर निजू दे."

वल्हवणं हळूहळू जमलं. त्या अरुंद पात्यांचा आवाज होत नाही, खांदे दुखत नाहीत, हे कळल्यावर एका संध्याकाळी तर युआका चक्क गुणगुणला. झाकेउसने लगेच कयाक उलटी केली.

पाण्याखाली सगळं हिरवं-काळं होतं. थंडी कानातून शिरून थेट दाढांत पोहोचली. वर यायचं तर एका हाताने वल्ह्याच्या पात्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने मधला दांडा, आणि वल्हं पाण्यावरून अर्धगोल फिरवत आपण पाठीवर पसरायचं. युआकाने टोक धरलं, वल्हं फिरवायला घेतलं, आणि पातं हातातून निसटलं. झाकेउसने त्याला मानेला धरून वर काढलं.

"निसटलं," युआका खोकत म्हणाला.

"कसं निसटेल? तुझंच वल्हं आहे."

पुन्हा. निसटलं. पुन्हा. निसटलं. तीन आठवडे निसटत राहिलं. कयाकचं वल्हं शिवलेल्या कपड्यासारखं ज्याच्या त्याच्या मापाचं असतं. लांबी हात वर करून मोजायची, आणि पातं एवढंच रुंद की आपल्या मुठीत मावावं. हे झाकेउसने मंडळातल्या प्रत्येक पोराला मोजून दाखवलं होतं. युआकाला मोजण्याचं मात्र त्याच्या डोक्यातच आलं नाही. ज्याने स्वतःच्या हाताने स्वतःसाठी वल्हं तासलंय त्याचं माप पुन्हा कशाला घ्यायचं?

ऑगस्टच्या मध्याला युआका रात्रीचा दचकून उठू लागला. "मी खाली राहिलो," तो मालेनेला म्हणाला. "स्वप्नात. आणि किनाऱ्यावर सगळे कॉफी पीत होते."

"मग जा आणि तिला सांग, नाही जमत म्हणून."

"ती काय म्हणेल?"

"म्हणेल ते म्हणेल. तू दोघींचा नवरा आहेस. मला तू जिवंत हवायस."

तो गेला. बोलेट्टेचं स्वयंपाकघर अर्धं खोक्यांत गेलं होतं. तिने त्याच्यापुढे कॉफी आणि सुकी मासळी ठेवली. युआकाने वल्हं टेबलावर ठेवलं, पातं मुठीत धरून दाखवलं. बोटांची टोकं कडेपर्यंत पोहोचत नव्हती.

"मला माहीत आहे हे माझं आहे," तो पडेल आवाजात म्हणाला. "पण बोलेट्टे, या खेपेला माझे हात लहान निघाले."

बोलेट्टेने त्याचा हात उलटा करून तळवा पाहिला.

"त्या खेपेलाही लहानच होते," ती म्हणाली.

युआकाला आधी कळलंच नाही.

"हे वल्हं तुझं नव्हतं. माझ्या भावाचं. तो आदल्या हिवाळ्यात गेला, वल्हं भिंतीवर होतं. त्याचे पंजे अस्वलासारखे. त्या दिवशी सकाळी तुझं वल्हं तडकलं. तू म्हणालास, आज नवीन तासतो, उद्या जातो. दिव्याला सीलची चरबी उरली नव्हती. मी म्हटलं, उद्या कशाला? भावाचं घेऊन जा. वल्हं ते वल्हं." तिने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. "झाकेउस तेव्हा दक्षिणेला कामाला होता. परत आल्यावर त्याला वाटलं, हे तुझंच. मी काही बोलले नाही. लोक म्हणाले, त्याला वर येता येत नव्हतं. त्यावरही मी काही बोलले नाही."

युआकाला खूप काही म्हणावंसं वाटत होतं, पण नवरा म्हणून काय म्हणायचं आणि बेकर म्हणून काय म्हणायचं हे ठरेना. शेवटी त्याने विचारलं, "रंधा आहे?"

रंधा खोक्यात गेला होता. तो शोधण्यात अर्धा तास गेला. मग रात्री उशिरापर्यंत युआका पात्याच्या कडा तासत बसला. दर चार फेऱ्यांनी बोलेट्टे म्हणे, "धर बघू," आणि तो मुठीत धरून दाखवी. ढलप्या ती उचलून चुलीत टाकत होती. चव्वेचाळीस वर्षं वाळलेलं लाकूड, फटफट पेटत होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव खडकांवर जमलं. बोलेट्टेला स्वयंपाकघरातल्या खुर्चीसकट उचलून आणलं होतं. मालेने मात्र पाठ करून उभी राहिली. "झालं की सांगा," ती म्हणाली.

"दादा, घाई नको," झाकेउस म्हणाला. या वेळी तो पाण्यात नव्हता. बोलेट्टेने तसं बजावलं होतं. दोन पोरं मोटरबोट घेऊन थोड्या अंतरावर थांबली होती, एवढंच.

युआकाने श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. मग तिसरा. गर्दीतून कुणी ओरडलं, "अरे, हवा संपेल!" आणि तो उलटा झाला.

खडकांवर कुणी हललं नाही. कयाकचा काळा तळ तेवढा वर दिसत होता. एक हाडाची पट्टी पाण्याबाहेर आली, थरथरली, पुन्हा खाली गेली. मालेनेने वळून पाहिलं. बोटीतल्या पोराने इंजिनच्या दोरीला हात घातला. बोलेट्टेने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आणि मग ते पातं सावकाश, आवाज न करता, पाण्यावरून अर्धगोल फिरलं आणि त्याच्यामागून, पाठीवर आडवा, निळा पडलेला, तोंडातून खाडी ओकत, केकर्ताकचा बेकर वर आला.

आरडाओरडा झाला, कुत्रे केकाटले, झाकेउस तर रबरी बुटांत नाचला. बोलेट्टे उठून उभी राहिली. आवाज पहिल्या भेटीसारखाच होता.

"ऐका! त्या दिवशीचं वल्हं माझ्या भावाचं होतं. माझ्या नवऱ्याच्या मापाचं नव्हतं. मीच दिलं होतं. तो वर येऊ शकत होता. बघितलंत ना?"

झाकेउसने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. "म्हणजे मी मोजायला हवं होतं," तो म्हणाला. मग कुणीतरी कॉफी ओतायला सुरुवात केली.

बोलेट्टे सप्टेंबरच्या बोटीने गेली. युआकाच्या उजव्या कानात पाणी राहिलं होतं, त्याचं दुखणं नाताळपर्यंत पुरलं. डॉक्टरांनी पाण्यात जायला मनाई केली, आणि तो परत कधी कयाकमध्ये बसला नाही.