माशाचं बी

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात माझा पाय घरात ठरत नसे. भाकऱ्या थापता थापता मधेच उठायचं आणि तळ्याकडे बघून यायचं. काष्टीजवळच्या आमच्या गावातल्या विहिरी केव्हाच आटल्या होत्या. माणसं तळ्याकाठी उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पीत, जनावरं तळ्याचं. आणि त्याच तळ्यात माझे सासरे मासे वाढवत होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणे. आदल्या पावसाळ्यात मासे खात्याच्या साहेबांनी गावाला तळ्यात सोडायला माशाचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, दिलं आणि पंचांनी राखण मामांच्या गळ्यात घातली. साहेब सांगून गेले होते, पाण्यात थोडं शेण टाका, पाणी हिरवं होतं, मासा पोसतो. पण मामा जन्माचे शेतकरी. बी म्हटलं की त्यांना शेतच दिसे आणि शेताला थोडं खत घालणारा माणूस त्यांच्या लेखी चिक्कू. आमचा अख्खा उकिरडा गाड्या भरभरून तळ्यात गेला. ज्वारीच्या रानाला पाटीभरसुद्धा मिळालं नाही.

चैत्रात तळ्याचं डबकं झालं आणि झिऱ्याचं पाणी घाण मारू लागलं. गप्प बसणं मला कधीच जमलं नाही.

"मामा, पान्याला वास येतोय. प्यायचं कसं?"

"खताचा वास हाय त्यो. मासं बाजारात गेलं की बोल."

एका सकाळी मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते. मामा हरखले.

"बघ, पीक वर आलं. लई भुकेजलंय."

त्यांनी आणखी शेण ओतलं. मला ती भूक वाटेना. दम्याची माणसं तशी तोंड उघडतात. सडत्या शेणानं पाण्यातली हवाच संपवली होती, हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. मी म्हैस पाण्यावर नेली. तिनं हुंगलं, फुरफुरली आणि मागे फिरली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"तिला काय कळतंय," म्हणत मामा वाकले. ओंजळ भरून तोंडापाशी नेली. तशीच धरून राहिले. मग पाणी खाली सोडलं.

"घागर दे इकडं. नदीला जातो."

नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे खणले तर पाणी लागत होतं, पण वाट लांबची. आणि आमच्याकडे पुरुषानं डोक्यावर घागर घेतलेली मी पाहिली नव्हती. मामांनी डोक्याचा पटका सोडला, त्याची चुंबळ वळली, तिच्यावर घागर ठेवली आणि पारावर बसलेल्या माणसांसमोरून ते निघाले.

दुसरी घागर घेऊन मी मागोमाग गेले. वाटेत चांगलं भांडायचं ठरवलं होतं. नदी आली तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.