कालचं हुमण

आमचे हे, म्हणजे बाबली, चोपड्याच्या फेरीबोटीवर दोर टाकायच्या कामाला. शिवोलीकडे जायला पूल व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. नदीकाठाला सगळे ह्यांना ओळखायचे आणि ह्यांचं खूळही सगळ्यांना ठाऊक होतं. माशाचं हुमण आज रांधलं की ह्यांना ते उद्या हवं. तेही सकाळी, पदेर पाव देऊन गेला रे गेला की.

मी घामाघूम होऊन नारळ वाटायचा, तिरफळं ठेचायची, सोलं टाकायची, आणि हे दुपारी दोन घास खाऊन म्हणणार, "आज पाणचट लागतं गो. रात्री आटव, उद्या बघ." उद्या, उद्या! मग रात्री निखाऱ्यावर मातीचं बुडकुलं ठेवा, सकाळी परत तापवा. तळाला दाट झालेला रस कडक उंड्याने, त्या पदेराच्या गोल पावाने, पुसून खायचा, बोटं चाटायची, आणि तेव्हा कुठे तोंडातून "वा!" निघणार. रविवारचं हुमण तर मंगळवारपर्यंत सांभाळायचं, कारण सोमवारी आमच्या घरात मासळी नाही. अहो, एकदा तरी गरम भातावर घेऊन बरं झालंय म्हणा की! नाही म्हणजे नाही. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

तरी घरातलं खूळ घरात होतं तोवर मी सोसलं. आमच्या चंद्रावतीचं डिचोलीला जमत आलं होतं. मुलगा रघुनाथ, बाजारात कापडाचं दुकान, स्वभावाने गरीब. माझा मावसभाऊ धाकू मध्यस्थ. पत्रिका जुळली होती, देवळात मुलगी दाखवून झाली होती. पोर तोंडाने काही बोलत नव्हती, पण आरशासमोरून हलत नव्हती. आता फक्त त्या लोकांनी घर बघायला म्हणून एकदा जेवायला यायचं बाकी होतं.

रविवार ठरला. मी ताज्या इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, हुमण केलं, असं केलं की वासानेच शेजारीण कुंपणाशी आली. चंद्रावतीने मीठ बघायला म्हणून वाटीभर गरमच चाखलं. पाहुणे पाटावर बसले तशी मी तुकड्या तळायला घेतल्या. हे म्हणाले, "तू तळ, हुमण मी वाढतो." मला मेलीला बरंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मदतीला आला!

मुलाच्या आईने, सत्यवतीबाईंनी, पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "छान झालंय हो हुमण."

इथे तरी गप्प बसायचं की नाही? हे फुलून म्हणतात कसे, "छान असणारच! कालच्या बांगड्यांचं ते. तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलं. आजचं काय, आम्ही घरचे खाऊ."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. सत्यवतीबाईंनी हात आखडता घेतला. "आमच्याकडे शिळं कामाच्या बायकांना देतात," एवढंच बोलल्या आणि पाणी प्यायल्या. रघुनाथ मान खाली घालून भात चिवडत राहिला. परत भात कोणी घेतला नाही, आणि माझं इसवणाचं हुमण चुलीवर तसंच.

ते गेल्यावर मी ह्यांच्या अंगावर धावूनच गेले. "काय केलंत हे! शिळं वाढलंत, वर सांगितलंतही?"

"अगो, पण घरात चांगलं होतं तेच वाढलं ना?" हे खरंच गोंधळले होते. देवा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी रागावले मात्र. दिवेलागणीपर्यंत माझं तोंड चालू होतं. चंद्रावती परसात भांडी घासत बसली होती, घासलेलीच परत घासत होती.

सोमवारी इसवणाला कोणी हात लावला नाही. मी दोन्ही वेळा उकळी काढली, सवयीने. मंगळवारी सकाळी ते असं दाट झालं होतं की ह्यांच्या मनासारखंच. हे उंडो मोडतायत तोच अंगणात धाकू. वर आलाच नाही, खालूनच म्हणाला, "पत्रिका जुळत नाही म्हणतात."

"जुळली होती ती!" मी ओरडले. "भटजींनी तुझ्यासमोर सांगितलेलं!"

"मी काय करू, बाय," म्हणाला आणि निघून गेला.

ह्यांच्या हातातला उंडो हातातच राहिला. चंद्रावती आतून बुडकुलं घेऊन आली. बापाच्या ताटलीत वाढलं, स्वतःलाही घेतलं, समोर बसून उंड्याचा तुकडा बुडवून खाल्ला.

"बरं झालंय ना गो?" ह्यांनी हळूच विचारलं.

"रविवारी जास्त चांगलं होतं, बाबा," ती म्हणाली. "गरम होतं तेव्हा."

इतकी वर्षं मी हेच ऐकायला तडफडत होते. ऐकलं, आणि मीच ह्यांच्या ताटलीत आणखी एक डाव हुमण वाढलं.