पार्वताबाईच्या नातीची पावलं

गोसीखुर्दच्या धरणात गाव बुडालं, तरी पार्वताबाईचं मन तिथंच हिंडत असायचं. नव्या गावठाणात दुपारी जरा डोळा लागला की तिला वैनगंगेचा काठ दिसे, ओल्या रेतीचा वास येई. मग नात रडू लागे आणि नदी विरून जाई.

हर्षा दीड वर्षांची झाली होती. आजी तिला मऊ भात, वरण, अंडं मायेनं भरवी, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. जरा सावरली की पुन्हा जुलाब. शेजारची तिच्याच वयाची पोर अंगणभर पळे, हर्षा अजून रांगतच होती.

"कोनाची नजर लागली हिले," पार्वताबाई म्हणे.

शेवटी सून रत्नमालेनं अंगणवाडीच्या विमलाबाईंना घरी बोलावलं. त्या ओसरीवर बसून नुसत्या बघत राहिल्या. हर्षा कोंबड्यांमागं रांगत होती आणि मातीनं भरलेला हात सारखा तोंडात घालत होती.

"आजी, घान पोटात गेली का आतडं तिच्याशीच झुंजत रायते. मंग भात अंगाले कसा लागन?" त्या हळूच म्हणाल्या. "आन तुमच्या संडासात सरपन काहून भरलं?"

पार्वताबाई अजून झुडपांकडंच जाई. जन्मभर नदीकाठ पाहिलेला, बंद खोलीत जीव घाबरायचा.

विमलाबाई गेल्यावर ती सुनेला म्हणाली, "मी तं नुसत्या पान्यानं हात धुवून भरवत होती लेकराले."

"मले तरी कुठं मालूम होतं, आई?" रत्नमाला म्हणाली.

सकाळी पार्वताबाईनं स्वतःच सरपण बाहेर काढलं. मुलानं, संघपालनं, संडासाच्या दाराला कडी लावली. कोंबड्यांसाठी बांबूचं खुराडं झालं, हर्षाला खेळायला धुतलेली चटई आली. पाणी उकळून झाकून ठेवू लागले, हातपंपापाशी साबण आला. पहिले काही दिवस पार्वताबाई संडासाचं दार किलकिलं ठेवून, डोळे मिटून बसे.

जुलाब हळूहळू थांबले. हर्षा उंचीनं मागंच राहिली. गेलेले महिने सगळे भरून येणार नाहीत, हे विमलाबाईंनी लपवलं नाही. पण तिचे गाल भरले, पायांत बळ आलं.

धान पिवळं पडू लागलं तेव्हा एका सकाळी आजी तिला बांधावर घेऊन गेली. धुक्यात शेत कुठं संपतं ते कळत नव्हतं. हर्षानं आजीचं बोट सोडलं, लोंब्या कुरवाळत डुलत पुढं गेली, धपकन बसली आणि आपली आपण उठली.

"जाय माय, जाय," पार्वताबाई पुटपुटली आणि तिच्या मागं मागं चालत राहिली.