सुमनला आणायला चार सायकली

चार सायकलवाले एकत्र बसले की किस्से वाढतच जातात. कुणाची चेन पडते, कुणाचा ब्रेक लागत नाही, आणि दहा वर्षांनी त्याच चेनवर सगळे पोट धरून हसतात. आमच्या संगमनेरच्या टोळीकडेही असे ढीगभर किस्से आहेत. पण त्या दुष्काळातल्या राजूरच्या ट्रिपचा विषय निघाला, की हसणं मध्येच थांबतं आणि कुणीतरी उगाच चहाची ऑर्डर देतं. ते किस्से सांगूच नयेत असं मला वाटतं. तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय राहवतही नाही!

टोळी म्हणजे आम्ही चौघं. शाळेतले गुरुजी आमचे कॅप्टन, मग बापू शिंपी, दूध डेअरीतला माधव आणि कापडाच्या दुकानातला मी. घरी सांगितलं होतं, भंडारदऱ्याला फिरायला जातोय. खरं कारण वेगळं होतं. माधवची बायको सुमन बाळंतपणाला माहेरी गेली होती, राजूरच्या पुढं डोंगरातल्या एका वाडीला. मूल झालं, पण राहिलं नाही. माधव तेव्हा एकदा जाऊन आला आणि नंतर सहा महिने तिकडे फिरकलाच नाही. "काय तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणायचा. न्यायला या, असा सुमननं दोनदा निरोप धाडला. मग निरोपही थांबले.

शेवटी गुरुजी म्हणाले, "चल, आम्ही येतो बरोबर. आज नाही आणलीस तर ती पुन्हा यायची नाही."

*

गुरुजींच्या गळ्यात कायम शाळेची शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. अकोले गावाच्या पुढं घाटात रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. दोन्ही बाजूंना बायामाणसं खडी फोडत बसलेली. आम्हाला धाप लागलेली बघून गुरुजींनी एक लांबलचक शिट्टी मारली.

झालं! अख्ख्या ओळीनं हातोडे खाली ठेवले आणि भाकरीची फडकी सोडली.

मुकादम बोंबलत आला, "अरं, जेवनाची शिट्टी कोनी वाजवली? अजून टाइम हाय!"

पण उठतंय कोण? गुरुजी बिचारे त्याची माफी मागू लागले, तर एक म्हातारी घास गिळून म्हणाली, "मास्तर, उद्याबी या!"

आम्ही खदाखदा हसलो. मग तिच्या फडक्याकडे लक्ष गेलं. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची अर्धी भाकरी, तोंडी लावायला काही नाही. आमच्या डब्यातली चटणी तिला दिली आणि गुपचूप पायडल मारायला लागलो.

*

घाटमाथ्यावर बापूची सायकल पंक्चर झाली. पंक्चर शोधायला पाणी लागतं. ट्यूब बुडवली की भोकातून बुडबुडे येतात. बापू जवळच्या घरी गेला.

"मावशी, घमेलंभर पाणी द्या ना. ट्यूब बुडवायचीय."

"मान्साला न्हाई आन् रबराला पायजे व्हय?"

असं म्हणाली खरी, पण आत जाऊन घमेल्याच्या तळाशी थोडं पाणी घेऊन आली. वर बजावलं, "सांडू नगा. तुमचं झालं की बैलाला पाजायचंय."

पंक्चर सापडलं, पण पाणी काळं झालं. बैलानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. बाई त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "पी रं राजा. सायबाच्या सायकलीनं आदी पिलंय, इख न्हाई त्यात!"

बापू म्हणजे आमच्यातला हसवणारा माणूस. राजूर येईपर्यंत तो सगळ्यांच्या पुढं, मान खाली घालून पायडल मारत राहिला.

*

राजूर सोडलं तसा माधव मागे पडायला लागला. दर वळणाला उतरायचा आणि पुढच्या चाकात हवा मारायचा. चाक चांगलं टणक होतं! पुन्हा उतरला तेव्हा बापूला राहवलं नाही.

"अरे माधवा, चाकात किती भरशील? छातीत भर जरा!"

माधव हसला नाही. पंप हातात तसाच धरून म्हणाला, "ती काही बोललीच नाही तर?"

"तर तू बोल," गुरुजी म्हणाले.

"काय बोलू?"

गुरुजी शाळेत पोरांना निबंध शिकवायचे. आता त्यांनी फक्त दोन शिट्ट्या मारल्या आणि आम्ही निघालो.

*

सुमनच्या माहेरची वाडी उंचावर होती. रस्ता खालून वळणं घेत येतो, त्यामुळे येणारं माणूस वरून लांबूनच दिसतं. आम्ही अंगणात पोचलो तर सुमन दारात उभी. वेणीफणी केलेली, धुतलेलं पातळ नेसलेली, आणि शेजारी ओट्यावर बांधलेलं गाठोडं.

माधवनं काही बोलायच्या आत त्याचे सासरे म्हणाले, "पाव्हनं, लांबनंच वळखल्या तिनं सायकली. तवाच गाठुडं बांधलं."

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, जमलं!

सायकली आम्ही कुडाला टेकवल्या. सुमन गाठोडं उचलून माधवच्या सायकलीपाशी आली आणि थांबली. मग तिनं बापूची सायकल बघितली, गुरुजींची बघितली, माझी बघितली. एकीलाही मागं बसायला कॅरिअर नव्हतं. घाट चढायला सायकल हलकी पडावी म्हणून लांबच्या ट्रिपला आम्ही कॅरिअर काढूनच निघायचो. याही वेळी आदल्या दिवशी चौघांनी बसून काढली होती, माधवनंसुद्धा.

माधव चाचरत म्हणाला, "राजूरपर्यंत चालत जाऊ आपण. तिथून एसटी आहे."

"यष्टीनं मी एकलीबी आले असते," सुमन म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "न्यायाला येनारं मानूस कॅरिअर काडून येत न्हाई."

सुमननं गाठोडं पुन्हा ओट्यावर ठेवलं, गाठ सोडली आणि तळाशी हात घालून एक लहानसं टोपडं काढलं. नवं कोरं. ते माधवच्या हातात देऊन म्हणाली,

"हे तेवडं न्या. ह्याला कॅरिअर लागत न्हाई."