कावळ्याने नेलेला चेंडू

समुद्राचा खारा वारा गोल्फच्या मैदानावरल्या शिरीषांतून मऊ होऊन येत होता. ह्यांचा चेंडू आयुष्यात प्रथमच भोकापासून हातभर अंतरावर थांबला होता. ओल्या गवतावर जणू टपोरी मोगऱ्याची कळी. तेवढ्यात कावळ्याने तो चोचीत उचलला आणि शिरीषाच्या फांदीवर जाऊन बसला.

"दुसरा ठेवा, साहेब. कावळ्याने नेला तर नियमात माफी आहे," बॅग वाहणारे काका म्हणाले.

गेलेल्या माणसांना मैदानाचे नियम कुठे लागू असतात! गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या पिंडाला कावळा शिवेना. "दर रविवारी आईपाशी बसेन," असा शब्द ह्यांनी दिला, तेव्हा कुठे शिवला. आज रविवार होता.

ह्यांनी फांदीकडे पाहत हात जोडले. "बाबा, एवढं संपवून निघतो."

कावळ्याने मान तिरपी केली. चेंडू सोडला नाही. हे खेळाचे बूट बदलू लागले.