वडशाला जुन्या टेपचा भाव

सीडी प्लेअर आले तसे आमच्या भागात टेपचे भाव पडले. चंद्रपुरात पडले, माजरीच्या कोळसा वसाहतीत त्याहून जास्त. दिवाळीचा बोनस हातात आला की तिथली कुटुंबं सीडी प्लेअर घेत आणि चांगला वाजणारा टेप मिळेल त्या किमतीला देऊन टाकत. वडशाला मात्र दिवाळीनंतर जुना टेप महाग होई. मी तेव्हा वडशाहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. हा उलटा प्रकार मला समजत नव्हता.

स्टेशनजवळ एका चाचांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. माजरीचे टेप तेच आणत. मी कारण विचारलं.

"तुम्ही टेप घरात पाह्यता, भाऊ. मी जीपमधी पाह्यतो."

वडशाहून थंडीत नाटक मंडळ्या गावोगाव जातात. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून भोंगा लावलेली जीप आसपासच्या खेड्यांत फिरते. आधी नाटकाचं नाव, मग कलाकार, शेवटी गाव आणि तिकिटाचा दर, अशी ती जाहिरात कॅसेटच्या दोन्ही बाजूंना भरलेली असे. एक बाजू संपली की आपोआप दुसरी सुरू करणारा टेप मंडळ्यांना हवा असे. चाचा तो जीपच्या बॅटरीवर चालेल असा करून देत.

त्या वर्षी चाचांनी शिल्लक होती ती सगळी घालून सात टेप आणले. त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे एका मंडळीचे मालक. ते आले ते जीपमध्ये नवा सीडी प्लेअर बसवूनच.

"चाचा, आवाज पाहा. काचेसारखा."

"आवाज चांगलाच हाये. हे सात नाई गेले तर मले जावयाच्या दुकानात बसा लागन. तो पंखे इकते."

"मंग बसा न. हवा तरी खासान."

चाचा हसले नाहीत. त्यांनी एक टेप पिशवीत घातला आणि कुरखेड्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारू या म्हणाले. मला मागं बसवलं.

गावाबाहेर तिसऱ्या खड्ड्याला सीडी गप्प झाली. मग ती पहिल्यापासून सुरू झाली. पुढच्या खड्ड्यालाही तेच. पहिल्या खेड्यातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा नाटकाचं नाव पाच वेळा सांगून झालं होतं, प्रयोगाचं गाव एकदाही आलं नव्हतं. पारावरचा एक म्हातारा जीपमागं काही पावलं चालत आला.

"पण हाये कुठी?" त्यानं विचारलं.

चाचांनी तिथंच तारा बदलून टेप जोडला. परतीच्या वाटेवर जाहिरात एकदाही अडखळली नाही. संध्याकाळी चार टेप न्यायला येतो, एवढं मालक म्हणाले.

दुपारी मी बांधकाम खात्याच्या कचेरीत गेलो, तर कुरखेड्याच्या रस्त्याचं डांबरीकरण मंजूर झाल्याचं कळलं. बातमी पाठवून मी थेट दुकानात आलो. गुळगुळीत रस्त्यावर या टेपला काय किंमत, हे मला कळत होतं. चाचांना तर लगेच कळलं. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"हे त्याले सांगा लागन," ते म्हणाले.

मी म्हटलं, बातमी अजून छापून आली नाही.

"पण मले मालूम झाली न. तो माह्याजवळून दहा वर्षांपासून घेऊन राह्यला."

मालक आले. चाचांनी पैशाची गोष्ट काढायच्या आधी रस्त्याचं सांगितलं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी होकार दिला.

"चाचा, हा रस्ता माह्या लग्नाच्या टायमापासून मंजूर हाये. आता माही पोरगी लग्नाची झाली. काढा टेप."

घासाघीस त्यांनी केलीच, पण ती एका टेपचं झाकण सैल होतं म्हणून. चाचांनी झाकण बसवून दिलं आणि भाव तोच ठेवला.

माझी बातमी आठ दिवसांनी आतल्या पानावर आली. तोवर उरलेले तीन टेपही दुसऱ्या मंडळ्यांनी नेले होते.